मागच्या रिळाचं दुखणं

जुन्या बाजारातून, शाळेच्या अडगळीतून किंवा एखाद्या काकांच्या माळ्यावरून सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर घरी येतो, तेव्हा सगळ्यांचा जीव दिव्यात अडकलेला असतो. दिवा लागतो का? मोटर फिरते का? आवाज येतो का? तिन्ही जमलं की घरात दिवाळी. भिंतीवर चित्र हलायला लागतं, आणि थोड्याच वेळात कुणाच्या तरी पायाला काहीतरी वळवळतं. वाकून बघावं तर फिल्मचा गुंता. पुढच्या दांड्यावरचं भरलेलं रीळ शहाण्यासारखं रिकामं होतंय, मधली यंत्रणा फिल्म पुढे सरकवतेय आणि मागच्या दांड्यावरचं रिकामं रीळ मात्र ढिम्म. सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने ही फिल्म मिनिटाला ३६ फूट पळते. म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या कौतुकात १८ फूट फिल्म फरशीवर, धुळीत, पायाखाली.

मग कोणीतरी स्क्रू-ड्रायव्हर आणतो आणि दिसेल तो नट आवळतो. रीळ फिरायला लागतं, मंडळी खूश होतात, आणि पुढच्या वेळी फिल्म तुटते. टेक-अपच्या, म्हणजे फिल्म गुंडाळून घेणाऱ्या या मागच्या रिळाच्या बहुतेक दुरुस्त्या अशाच फसतात.

प्रोजेक्टरमधलं बाकी सगळं मोजूनमापून चालतं. दातेरी चाकं फिल्मच्या भोकांत दात घालून तिला ओढतात, गेटमागचा, म्हणजे फिल्म दिव्यासमोर धरणाऱ्या चौकटीमागचा पंजा सेकंदाला २४ वेळा फिल्म बरोबर एक फ्रेम खाली आणतो, शटर त्याच तालावर उजेड अडवतं. एका दाताची चूक इथे खपत नाही. या शिस्तीत मागचं रीळ एवढाच एक असा भाग आहे की त्याला ठरावीक वेग देताच येत नाही. त्याने घसरायलाच हवं, आणि कमी-जास्त घसरायला हवं. टेक-अप दुरुस्त करायचा म्हणजे ही घसरण बेतात आणायची. ती पुरती बंद केली तर मशीन फिल्मचा घास घेतं.

असं का, ते एका साध्या हिशेबावरून कळतं. ४०० फुटांचं रीळ घ्या, जे साधारण ११ मिनिटं चालतं. गेटमधून फिल्म सेकंदाला १८ सेंटीमीटर या एकाच वेगाने बाहेर येत असते. रिळाचा गाभा ६ सेंटीमीटर व्यासाचा धरला, तर सुरुवातीला एवढी फिल्म गुंडाळायला रिळाला मिनिटाला ५८ फेरे मारावे लागतात. फिल्मची जाडी मिलिमीटरच्या जेमतेम सातव्या हिश्शाएवढी, पण ४०० फूट गुंडाळून होईतो गुंडाळीचा व्यास साडेसोळा सेंटीमीटरपर्यंत फुगतो आणि शेवटी मिनिटाला २१ फेरे पुरतात. मोटर मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच वेगाने फिरणारी. म्हणून मागच्या पुलीला मुद्दाम लागतो त्यापेक्षा जास्त वेग दिलेला असतो, आणि पुली व रीळ यांच्यामध्ये घर्षणावर चालणारा क्लच बसवलेला असतो. पुली पुढे धावते, रीळ जमेल तेवढं तिच्याबरोबर जातं, उरलेला फरक क्लच घसरून पचवतो. रीळ भरत येतं तेव्हा पुलीचा निम्म्याहून अधिक वेग घसरणीतच जातो.

यातून आणखी एक गोष्ट निघते, आणि बिघाड ओळखताना तीच जास्त कामाला येते. क्लच रिळाला जो पीळ देतो तो कायम सारखाच असतो, पण गुंडाळी जाड होत जाते तसा त्या पिळाचा फिल्मवर पडणारा ताण उतरत जातो. आपल्या ४०० फुटांच्या रिळात शेवटचा ताण पहिल्या ताणाच्या जवळपास तिसऱ्या हिश्शावर येतो. त्याच वेळी रिळावर चारशेएक ग्रॅम फिल्म चढलेली असते, म्हणजे बेअरिंगवरचा भार वाढलेला. जोर कमी आणि ओझं जास्त, अशी शेवटच्या मिनिटांची अवस्था. त्यामुळे पहिली सात-आठ मिनिटं सुरळीत आणि मग मागे फिल्म लोंबायला लागली, तर मोटरला दोष देऊ नका. क्लच किंचित अशक्त झालाय, एवढंच ते सांगतंय. उलट अगदी पहिल्या फुटालाच फिल्म तुटत असेल तर क्लच गरजेपेक्षा दांडगा आहे, कारण रिकाम्या रिळावर त्याचा ताण सगळ्यात जास्त असतो.

काही मशीनांत यावर फार हुशार तोड काढलेली आहे. क्लचच्या चकत्या अशा बसवलेल्या असतात की रिळाचं वजनच त्यांना एकमेकींवर दाबतं. फिल्म चढत जाते तसं वजन वाढतं, वजनाबरोबर दाब वाढतो आणि पीळही वाढतो. ज्या कोणाला ड्रॉइंग बोर्डावर हे सुचलं असेल त्याला सलाम. पण अशा मशीनची तपासणी आडवं पाडून करू नये. टेबलावर कुशीवर झोपवलेल्या मशीनमध्ये रिळाचं वजन क्लचवर येतच नाही, आणि धडधाकट क्लच मेल्यासारखा वाटतो. मग त्याला उगाच ‘सुधारण्यात’ येतं.

सिनेमाच्या जन्मावेळी हा टेक-अप नव्हताच. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात लुमिए बंधूंच्या चित्रफिती दाखवल्या गेल्या. त्यातली एकेक फीत साधारण १७ मीटरची, मिनिटभरसुद्धा न चालणारी. मशीनमधून बाहेर पडलेली फिल्म खाली ठेवलेल्या पेटीत नाहीतर पिशवीत जमा व्हायची आणि नंतर हाताने गुंडाळली जायची. एवढ्याशा लांबीला दुसरं काही लागतही नव्हतं. लांबी वाढली तशा अडचणी वाढल्या. भरलेलं रीळ जड असतं, त्याला पंजाच्या हिसक्याने सेकंदाला अनेक वेळा ओढायला गेलं तर फिल्म फाटते. म्हणून गेटच्या वर आणि खाली फिल्मचा सैल वळसा ठेवायची युक्ती आली. अमेरिकेतल्या लॅथम बापलेकांना १८९५ च्या सुमाराला मुष्टियुद्धाचे लांबलचक सामने दाखवायचे होते. तो वळसा आजही त्यांच्याच नावाने ‘लॅथम लूप’ म्हणून ओळखला जातो. फिल्म लांब झाली की ती गोळा करायलाही काहीतरी लागणार, आणि तिथून टेक-अप मशीनचा पक्का भाग झाला.

थिएटरातल्या पस्तीस मिलिमीटरच्या मशीनमध्ये तर तो जीवन-मरणाचाच प्रश्न होता. १९५० च्या आसपासपर्यंत पस्तीसची फिल्म नायट्रेटची असायची. ती एकदा पेटली की पाण्याखालीसुद्धा जळत राहते, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्या स्वतःच्याच पोटात असतो. कार्बन आर्कच्या धगधगत्या दिव्याशेजारी अशा फिल्मचा ढीग जमिनीवर साचणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. म्हणून वरचं आणि खालचं अशी दोन्ही रिळं लोखंडी डब्यांत बंद केली गेली आणि डब्याच्या तोंडाशी आग आत शिरू नये म्हणून रुळांच्या अरुंद फटी आल्या. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये जुन्या नायट्रेट फिल्मचा साठा जळाला, तो याच जातीच्या फिल्मचा. सोळा मिलिमीटरला ही भीती नाही. १९२३ मध्ये कोडॅकने हे माप आणलं ते घराघरांत वापरायला, आणि म्हणूनच पहिल्यापासून न भडकणाऱ्या पायावर. तेव्हा सोळाची फिल्म फरशीवर सांडली तर ओरखडे पडतील, घर पेटणार नाही. पण माळ्यावर पस्तीसचा एखादा फार जुना डबा सापडला, तर तो मशीनला लावून बघायचा मोह आवरा आणि आधी पुण्याच्या चित्रपट संग्रहालयासारख्या जाणत्या ठिकाणी विचारा.

आता प्रत्यक्ष तपासणी. चांगली फिल्म बाजूला ठेवायची. मागच्या दांड्यावर रिकामं रीळ चढवायचं आणि फिल्म न लावता मशीन चालू करायचं. रीळ फिरायला लागलं की त्याच्या कडेवर एक बोट अलगद टेकवायचं. नीट असलेला टेक-अप बोटाच्या हलक्या दाबाने थांबतो, पुली मागे फिरतच राहते, बोटाला एकसारखी, मऊ ओढ जाणवते. बोट उचललं की रीळ हिसका न देता पुन्हा वेग घेतं. या एका बोटाने निम्मं निदान होतं. ओढ जाणवायच्या आतच रीळ थांबलं तर क्लच किंवा पट्टा ढिला. रीळ बोटाला ओढत नेत असेल, किंवा अडकत, धक्के देत फिरत असेल तर क्लच चिकटलाय. मग त्याच दांड्यावर फिल्मने पूर्ण भरलेलं, टोक टेपने चिकटवलेलं रीळ चढवा. ते आपोआप फिरायला लागलं पाहिजे. नाही लागलं, तर शेवटच्या तीन मिनिटांत काय होणार आहे ते आत्ताच कळलं.

रीळ मुळीच फिरत नसेल तर मशीन खोलण्याआधी काही बावळट वाटणाऱ्या गोष्टी बघा. फिल्म उलटी गुंडाळायची कळ अर्धवट राहिलेली असते, त्यामुळे सगळी ताकद पुढच्या दांड्याकडे जात असते. घडीचे दांडे असलेल्या मशीनमध्ये दांडा ‘खट्’ आवाज होईपर्यंत उघडलेला नसतो. आतला पट्टा दांडा पूर्ण उघडल्यावरच ताणला जातो, हे लक्षात न आल्याने कितीतरी मशीन दुकानापर्यंत जाऊन परत येतात. पट्टा पुलीवरून उतरलेला असतो, किंवा चुकून आठाच्या आकड्यासारखा पीळ पडून बसवलेला असतो, त्यामुळे रीळ उलटं फिरतं. (काही मशीनांत असा पीळ मुद्दामच असतो. झाकणाच्या आत चिकटवलेली आकृती आधी बघावी, ती सहसा शिल्लक असते.) आणि रीळ स्पिंडलच्या, म्हणजे दांड्याच्या टोकाला फिरणाऱ्या आसाच्या चौकोनी भागावर नीट बसलेलं नसतं. सोळाच्या बहुतेक रिळांना एका बाजूला चौकोनी भोक असतं आणि दुसऱ्या बाजूला गोल. चौकोनात स्पिंडल अडकलं तरच रीळ त्याच्याबरोबर फिरतं. वर्षानुवर्षं कसंही चढवल्याने त्या चौकोनाचे कोपरे झिजून गोल होतात. असं रीळ रिकामं असताना फिरतं आणि वजन चढलं की आतल्या आत घसरतं. ते रीळ बदला.

यानंतर पट्टा. जुन्या मशीनांत दोन प्रकार सापडतात. एक म्हणजे बारीक स्प्रिंगचा, लांब गोल वेटोळ्यासारखा पट्टा. हा सहसा तुटत नाही, पण सैल पडतो आणि तेलकट होतो. तेलकट झाला असेल तर काढून पेट्रोलमध्ये किंवा स्पिरिटमध्ये धुवायचा, पुलीची खाच पुसायची, आणि मगच तो सैल आहे का ते ठरवायचं. निम्म्या वेळा धुण्यानेच काम होतं. खरोखर सैल असेल तर जोड उघडून चार-पाच वेटोळी कापायची, जास्त नाही, आणि टोक पुन्हा अडकवायचं. ताण किती हवा? दोन पुल्यांच्या मध्ये बोटाने दाबल्यावर पट्टा सेंटीमीटरभर सहज वाकला पाहिजे. सतारीच्या तारेसारखा ताठ करण्यात शहाणपण नाही. त्याने स्पिंडलची बुश झिजते, मोटरवर भार येतो आणि चित्राचा वेगही मंदावू शकतो.

दुसरा प्रकार रबराचा. रबर म्हातारं होतं ते दोन तऱ्हांनी. एक तर कडक होऊन त्याला चिरा पडतात, नाहीतर वितळून काळ्या डांबरासारखा चिकट लगदा होतो. लगदा झाला असेल तर आधी पुलीच्या खाचेतला कण न् कण आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने काढायला हवा. तो राहिला तर नवा पट्टाही महिनाभरात तसाच होतो. मूळ पट्टा मिळणं कठीण, पण त्याची जागा साधी ओ-रिंग घेऊ शकते. दोऱ्याने पुल्यांभोवतीचं माप घ्यायचं आणि त्याहून किंचित आखूड, तेवढ्याच जाडीची रिंग शोधायची. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटसारख्या हार्डवेअरच्या गल्लीत हे माप सांगितलं तर दुकानदार डबेच्या डबे समोर ओततात. जाडी मात्र खाचेत बसणारी हवी. जाड रिंग खाचेच्या वर तरंगते आणि नेमकी भाराखाली उतरते.

पट्टा ठीक असूनही ओढ नसेल, तर दोष क्लचमध्ये. इथे घाई करू नका. नट किंवा क्लिप काढली की स्प्रिंग, वॉशर, चकती, फेल्ट, पुन्हा वॉशर असा ऐवज बाहेर येतो. ज्या क्रमाने निघेल त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांडून ठेवा आणि मोबाइलवर फोटो काढा. एक पातळ वॉशर उलट्या बाजूला गेला तरी क्लचचा स्वभाव बदलतो. फेल्टची चकती मूळची करड्या किंवा पांढुरक्या रंगाची, बोटाला किंचित खरखरीत लागणारी असते. आजारी फेल्ट तपकिरी, कडक आणि चकचकीत दिसतो, जणू चामडं. कोणीतरी प्रेमाने तेल घातलेलं असतं. टेक-अपच्या बिघाडांत माझ्या मते पहिला नंबर या प्रेमळ तेलाचा. स्पिंडलच्या बुशला मशीन ऑइलचा एक थेंब लागतो, हे खरं. पण दोन थेंब घातले की दुसरा घरंगळत फेल्टवर जातो आणि घर्षणाचं काम करायला बसवलेली वस्तू बुळबुळीत होते. ती पेट्रोलमध्ये दोन-तीनदा बुडवून, पिळून, रात्रभर मोकळ्या हवेत वाळवा आणि बारीक पॉलिश पेपरने हलकेच खरवडा. हे काम खिडकीशी, देव्हाऱ्यापासून आणि गॅसपासून लांब करावं. फेल्ट उसवलेलाच असेल तर बदलायला हवा, आणि इथे पेटीवाले उपयोगी पडतात. हार्मोनियमच्या पट्ट्यांखाली बसवतात तो दाट लोकरी फेल्ट त्यांच्याकडे असतो. मूळच्याच जाडीचा तुकडा घ्या. पातळ घेतला तर स्प्रिंग दाबत नाही, जाड घेतला तर क्लच घसरायचं विसरतो.

याच जागी कधीकधी दुसराच रोग असतो, आणि तो थंडीत दिसतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वी भरलेलं ग्रीस बुशमध्ये मेणासारखं थिजलेलं असतं. डिसेंबरच्या सकाळी रीळ हलत नाही, मशीन वीस मिनिटं चालून गरम झालं की तेच रीळ सरळ होतं. पट्टे आणि क्लच बदलून दमलेल्या माणसाने हा वेळेचा संबंध लक्षात घ्यावा. जुनं ग्रीस पूर्ण काढणं हाच इलाज. त्यावर नवं तेल ओतलं तर चार दिवस बरं वाटतं, मग दोन्ही मिळून आणखी घट्ट राडा होतो.

बिचाऱ्या रिळाकडे फार कमी लोक बघतात. पत्र्याच्या बाजू वाकलेल्या असतील तर फिल्म दर फेऱ्याला एकदा कडेला घासते आणि ठरावीक अंतराने ‘खर्र-टक’ ऐकू येतं. क्लचच्या दोषात आवाजाला असा ताल नसतो. रीळ डोळ्यांच्या रेषेत धरून फिरवलं की बाक दिसतो. हाताने सरळ झालं तर ठीक, नाहीतर टाकून द्या. फिल्मपेक्षा रीळ महाग नाही. मागचं रीळ पुढच्याएवढ्याच मापाचं हवं, किंवा थोडं मोठं. १६०० फुटांच्या रिळाचा गाभा मुद्दाम मोठा केलेला असतो, म्हणजे सुरुवातीच्या आणि शेवटच्या ताणातला फरक आटोक्यात राहतो. बारीक गाभ्यावर लांब फिल्म चढवायची काटकसर केली की वरचा सगळा हिशेब बिघडतो. फिल्मचं टोक गाभ्याच्या खाचेत घडी घालून ठोसू नये. दोन-तीन वेढे हाताने घ्यावेत, मधली ढिलाई काढून टाकावी आणि मगच कळ दाबावी. ढिलाई ठेवून मशीन चालू केलं तर रीळ रिकामंच वेग घेतं, आणि फिल्म अचानक ताठ होते तेव्हा हिसका बसतो. तो हिसका झेलायला टेक-अपच्या आधी स्प्रिंगवर झुलणारा एक लहानसा रूळ असतो. तो जुन्या ग्रीसमध्ये रुतून बसला असेल तर बोटाने हलवताच कळतं.

आता उलटा रोग, जो जास्त घातक आणि कमी दिसणारा. क्लच फार जोरात ओढत असेल तर फरशीवर काही सांडत नाही, त्यामुळे सगळं आलबेल वाटतं. सोळाच्या फिल्मवर चित्राचा आवाज त्याच चित्रापासून २६ फ्रेम अंतरावर असतो. तो एका गुळगुळीत ड्रमवर वाचला जातो, आणि तिथे फिल्म लोण्यासारखी सरकायला हवी. ड्रम आणि मागचं रीळ यांच्यामध्ये शेवटचं दातेरी चाक पहारेकऱ्यासारखं असतं. रिळाची ओढ ते स्वतःच्या दातांवर घेतं, आत जाऊ देत नाही. त्याच्यावरची पट्टी नीट बंद झालेली नसेल किंवा ओढ बेसुमार असेल, तर हिसके ड्रमपर्यंत पोचतात, खालचा लूप खाल्ला जातो आणि चित्र उड्या मारायला लागतं. संवादांत हे चटकन कळत नाही. सनईचा किंवा बासरीचा लांब सूर लावून ऐका. तो थरथरला की समजा, मागून कोणीतरी ओढतंय.

फिल्मवरच्या खुणाही बोलतात, फक्त भिंगातून बघायला हव्यात. पंजा आणि वरचं दातेरी चाक फिल्म पुढे ओढतात, तेव्हा त्यांचे दात भोकाच्या पुढच्या कडेला, म्हणजे फिल्मच्या सुरुवातीकडच्या कडेला लागतात. शेवटचं चाक मात्र टेक-अपची ओढ रोखून धरतं, म्हणून त्याचे दात भोकाच्या मागच्या कडेला बसतात. भोकांना नखाने कुरतडल्यासारखे चंद्रकोरी ओरखडे शेवटाकडच्या कडेवर दिसले, तर गुन्हेगार मागच्या दांड्यावर आहे. सुरुवातीकडच्या कडेवर दिसले तर टेक-अपला छळू नका, गेट आणि पंजा तपासा. आकसलेल्या जुन्या फिल्ममुळेही तिथे जखमा होतात. डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती फिल्म आकसायला लागलेली आहे, आणि क्लच कितीही नीट केला तरी तिचे हाल टळणार नाहीत.

फिल्म ॲसिटेटची आहे की पॉलिएस्टरची, यावरही क्लचचं माप ठरवावं. ॲसिटेट फाटते, आणि फाटून मशीनला वाचवते. पॉलिएस्टर तुटत नाही. दांडगा क्लच आणि पॉलिएस्टर फिल्म एकत्र आली तर वाकतो तो स्पिंडल, नाहीतर मोडतात ते दात.

पस्तीसच्या फिरत्या टॉकीजमध्ये हेच नाटक मोठ्या आकारात चालायचं. दोन हजार फुटांचं रीळ, २२ मिनिटं, चार किलोंहून जास्त फिल्म, आणि ती ओढायला तारेच्या हुकाने जोडलेला चामडी पट्टा. जत्रेतल्या तंबूत धूळ, तेल आणि पावसाची सर या तिघांशी त्या पट्ट्याची गाठ. चामडं ओलं झालं की लांबतं, वाळलं की आखडतं. घसरणाऱ्या चामडी पट्ट्यावर राळेची पूड टाकायची युक्ती गिरण्यांपासून सगळीकडे जुनी आहे. राळेने पट्टा धरतो खरा, पण धक्क्याने धरतो, आणि तिच्यावर धूळ बसून तिचा थर होतो. जत्रेत शो थांबवता येत नाही म्हणून तिथे ती माफ. घरात पट्टा धुवावा. महाराष्ट्रातल्या या तंबूंवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी केलेला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. गंजलेल्या मशीनशी माणसं कशी बोलतात, ते ज्याला बघायचंय त्याने तो जरूर बघावा.

आठ मिलिमीटरवाल्यांचं दुखणं सहसा एवढं खोल नसतं. साध्या आठच्या रिळाचं मधलं भोक लहान, १९६५ मध्ये आलेल्या सुपर आठचं मोठं. एकाच मशीनवर दोन्ही चालवायला प्लास्टिकची कॉलर लागते, आणि ती सैल झाली की रीळ कॉलरवर घसरतं. क्लच खोलण्याआधी कॉलर दोन बोटांत धरून फिरवून बघा. पन्नास फुटांच्या सुपर आठच्या रिळाला वजन जवळजवळ नसतंच आणि ते १८ फ्रेमच्या वेगाने तीन मिनिटं वीस सेकंदांत संपतं, त्यामुळे तिथला क्लच मुळातच नाजूक ठेवलेला असतो. सोळाचा अनुभव असलेले लोक त्याला आवळून बिघडवतात.

सगळं जोडून झालं की क्लचचा नट अगदी सैलावरून सुरू करावा आणि पाव फेरा, पाव फेरा करत आवळावा. प्रत्येक वेळी भरलेलं रीळ चढवून बघावं. ते ज्या जागी आपणहून फिरायला लागतं, त्या जागेच्या किंचित पुढे थांबावं. मग एखादी टाकाऊ फिल्म लावावी, जुनी जाहिरात, फाटकी प्रिंट, काहीही, पण पूर्ण लांबीची. ती शेवटपर्यंत चालवायची, कारण टेक-अपची खरी कसोटी शेवटच्या दोन मिनिटांत असते आणि अधीर माणूस नेमकं तेव्हाच मशीन बंद करतो. रीळ उतरवल्यावर गुंडाळी दोन्ही हातांत धरून हलकेच दाबून बघा. ती एकसंध लागली पाहिजे. वेढे सरकत असतील तर क्लच अजून थोडा मागतोय. शेवटच्या दोन-तीन फुटांची भोकं भिंगातून बघा. ती साबूत असली तर आजोबांच्या लग्नाची फिल्म डब्यातून बाहेर काढायला हरकत नाही.